अर्पिताच्या पानावरचे बदाम

१८ जुलै २०२५

अर्पिताच्या बाबांना,

पाकीट बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. आबांचा गुडघा पावसात कुरकुरतो, तुमच्या आईंची कुरकुर बारमाही आहे, म्हणजे सगळं जागच्या जागी. गणेश भाऊजी उद्या वाळूजला कामावर परत निघालेत. तुम्ही दोघं एकाच खोलीत राहता, म्हणून पत्र त्यांच्याच हाती देते. फोन करायचा नाही असं ठरलंय ना. आधी तुम्ही ठरवलं, मग मीही ठरवलं. दीड वर्षात मी तुमचा नंबर एकदाही लावला नाही आणि आजही लावणार नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. मला कळलंय, तुम्ही रोज बघता.

गेल्या दिवाळीनंतर सुचिता मॅडमनी वर्गात एक ॲप सुरू केलं. त्यात प्रत्येक पोराचं एक पान असतं. चित्र काढलं की त्याचा फोटो पानावर, धडा वाचला की त्याचा व्हिडिओ पानावर. रविवारचं घरचं वाचन आम्ही फोनवर काढून मॅडमना पाठवायचं, तेही पानावर. पान फक्त त्या पोराच्या आईबापांना दिसतं, असं मॅडमनी सांगितलं. अर्पिताचं नाव घातलं तेव्हा आपण शाळेत तुमचा आणि माझा असे दोन नंबर दिले होते, तेच त्यांनी त्यात टाकले. मी रानातून आल्यावर ओसरीत बसून बघते. एकदा अर्पितानं माझ्या हातातला फोन ओढला आणि व्हिडिओच्या खाली बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, 'वडिलांनी पाहिलं'. आणि शेजारी एक लाल बदाम.

"ब-ब-बाबा पाह्यतेत! आई, बाबा मले पाह्यतेत!"

मी म्हटलं, चुकून दाबलं गेलं असेल. पण दुसऱ्या दिवशीही बदाम आला आणि तिसऱ्या दिवशीही. आता तर आलाच नाही तर ती जेवताना फोनकडे बघत बसते.

सोनाळा गावातलं ते लग्न तुम्ही विसरला असाल, तर आठवण करून द्यायला मी आहे. कुणीतरी तिला नाव विचारलं, ती 'अ' वरच अडकली, आणि तुम्ही भर मांडवात ओरडलात, "नीट बोल नं, तोंडात काय बोरं कोंबली का?" लोक हसले. पोरगी माझ्या पदराआड गेली, ती कितीतरी महिने बाहेर आलीच नाही. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुम्ही घरी नसलेलेच बरे. मंग तरी पोरगी बोलंन." त्याच आठवड्यात तुम्ही भाऊजींबरोबर वाळूज गाठलं. शब्द कडू होता, मान्य. पण मी तो परत घेत नाही.

आता तीच पोरगी बदामासाठी वाचते. शाळेतून आली की गोठ्यात म्हशीपुढे उभी राहून उद्याचा धडा म्हणून बघते. म्हैस मधे बोलत नाही, ही तिची मोठी सोय. अडते अजूनही, पण अडल्यावर थांबत नाही. मी काही मागायला हे लिहीत नाही. बघत राहा, एवढंच.

छाया


२४ ऑगस्ट २०२५

अर्पिताच्या बाबांना,

पोळ्याला भाऊजी आले, तुम्ही नाही. मी विचारलं, पत्र दिलं का? म्हणाले, दिलं. वाचलं का? म्हणाले, वाचलं, उशाखाली ठेवलं. मग काही म्हणाले का? तर भाऊजींनी मान खाली घातली आणि बैलाच्या शिंगाला बेगड लावत बसले. तुमच्या घराण्यात पुरुषांना अवघड प्रश्न विचारला की बैलाचं काम निघतं.

पोळ्याच्या आधी मॅडमनी पोरांना सणाबद्दल चार वाक्यं बोलायला लावली होती. अर्पिता 'बैल' शब्दावर खूप वेळ अडली. मी फोनवर बघत होते, तरी तिच्यासाठी ओठ हलवत बसले. पण ती सुटली, बोलली, आणि शेवटी कुणी न सांगता म्हणाली, "बाबा, प-प-पोळ्याले या." मॅडमनी ते तसंच ठेवलं.

त्यावर तुमचा बदाम आला. तुम्ही नाही आलात.

मला एक सांगा, बदाम दाबायला माणसाला फुरसत मिळते आणि मेहकरच्या एसटीत बसायला मिळत नाही? पुरणाच्या पोळ्या करताना मी सारखी दाराकडे बघत होते. तुमच्या आईंनी ते ओळखलं. म्हणाल्या, "त्या मोबाईलातल्या बदामानं पोट भरते का पोरीचं?" पहिल्यांदा मला त्यांचं बोलणं पटलं, आणि तसं मी त्यांना कळू दिलं नाही.

रागात आहे, पण खोटं कशाला लिहू. मागच्या महिन्यात तिला ताप होता, शाळेत गेली नाही. मॅडमनी पानावर लिहिलं, 'अर्पिता आजारी आहे, ताप.' थोड्या वेळानं खाली वडिलांच्या नावानं प्रश्न आला, 'ताप उतरला का?' मी कपाळावरची पट्टी बदलत होते. ओला हात तसाच फोनवर ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. इतक्या दिवसांत मला कुणी विचारलं नव्हतं की घरात काय चाललंय. तुम्ही विचारलंत. बरं वाटलं मला. फार बरं वाटलं.

दिवाळीला तरी या.

छाया


२८ सप्टेंबर २०२५

अर्पिताच्या बाबांना,

हे पत्र नीट बसून वाचा आणि याचं उत्तर द्या. पाकीट शेजारच्या अन्नपूर्णाबाईंच्या जावयाजवळ देतेय, तो उद्या वाळूजला येतोय.

काल मी मेथी खुडत होते, जानेफळच्या बाजाराला न्यायची होती. फोन वाजला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "अर्पिताच्या मम्मी बोलताय ना?" मला वाटलं शाळेतून कुणी असेल. तर म्हणते, "मुलगी तिसरीत आहे, बोलताना अडखळते, 'ब' आणि 'प' वर जास्त अडते, बरोबर? आमच्याकडे खास कोर्स आहे, मोबाईलवरच." मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणे, "सिस्टीमवर दिसतंय ना मॅडम." वाढदिवस कधी तेही तिला ठाऊक. वर म्हणाली, आत्ताच उपाय केला नाही तर पुढे मुलीचं लग्न जमताना त्रास होतो.

मी फोन बंद केला आणि मेथीची जुडी तशीच हातात धरून बांधावर बसले. पोरगी अडते हे गावाला माहीत आहे, नाही असं नाही. पण गावाला माहीत आहे ते गावापुरतं माहीत आहे. जिचं तोंडही मी बघितलं नाही, तिला माझ्या पोरीचा 'ब' आणि 'प' कसा माहीत?

तशीच शाळेत गेले. चपलेला चिखल, हाताला मेथीचा वास. मॅडमवर ओरडायचं ठरवून गेले होते, पण त्यांचं तोंड बघून नुसतं झालेलं सांगितलं. त्यांनाही काही माहीत नव्हतं. मग आम्हाला दोघींना तो पालकसभेचा दिवस आठवला. ॲप सुरू करायचं होतं, बायकांना त्यातलं काही कळेना. तेव्हा मॅडमनी सगळ्यांचे फोन एका थैलीत गोळा केले आणि एका बाजूला बसून एकेक फोनवर 'मी सहमत आहे' दाबत गेल्या. ज्यांनी शाळेत दुसरा नंबर दिला होता, त्या नंबरवर मेसेज जाईल म्हणाल्या. थैली परत आली तेव्हा आम्ही चहा पीत होतो. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, बाई किती मदतीची. पहिलं कौतुक मीच केलं होतं.

मॅडमनी आता ते बारीक अक्षर उघडून मोठ्यानं वाचलं. त्यात लिहिलंय की मुलांची माहिती 'सहयोगी संस्थांना' देता येईल. वाचून झाल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या. "छायाताई, मी पण वाचलं नव्हतं हो. वरून आलं, करा म्हणाले, मी केलं. रोज एवढे फोटो टाकायचे असतात, शिकवायलाच कधी कधी वेळ उरत नाही." त्या माझ्याएवढ्याच थकलेल्या दिसल्या.

त्या म्हणाल्या, पान बंद करता येतं. पण अर्धं बंद होत नाही. व्हिडिओ, फोटो, सगळंच जातं, आणि नंतर काहीच टाकता येत नाही.

आता माझी अडचण समजून घ्या. मला ते पान बंद करायचं आहे, आजच्या आज. पण पान गेलं की तुमचं बघणं गेलं, तुमचे बदाम गेले. ती पुन्हा पदराआड गेली तर? कोण काढणार तिला बाहेर? तुमच्या ओरडण्यानं गेलेला आवाज तुमच्या बदामानं परत आलाय, हे मला कितीही झोंबलं तरी खरं आहे.

म्हणून विचारते. बंद करू की नको? हो किंवा नाही, एवढाच निरोप भाऊजींजवळ द्या. दिवाळीपर्यंत थांबते.

छाया


२५ ऑक्टोबर २०२५

भाऊजींनी तुमचा निरोप दिला. आज वर कुणाचं नाव लिहीत नाही. कुणाला लिहितेय तेच मला कळेनासं झालंय.

भाऊबीजेच्या दिवशी ते गोठ्यात आले. मी शेण काढत होते. "वहिनी, एक सांगायचं होतं," म्हणाले, आणि म्हशीचं दावं सोडून पुन्हा बांधू लागले. मी म्हटलं, सांगा, आज बैल नाही सजवायचा. मग त्यांनी तुमचं नाव काढलं.

"गोपालचा तो मोबाईल वाळूजले गेल्या गेल्याच हरवला. मंग त्यानं दुसरा घेतला, नंबर बी दुसरा. जुना नंबर त्याच्यापाशी नाहीच."

"मंग ते बदाम?"

"त्याले काय माहीत ॲप अन् फॅप."

"मी पहिल्या पत्रात सगळं लिहिलं होतं, भाऊजी. तवाच काऊन नाही सांगितलं?"

"मी म्हटलं त्याले, सांगून टाक. तो म्हने, तिले वाटते मी पाह्यतो, तर वाटू दे. पोरगी बोलून राह्यली नं."

मी शेणाचे हात धुतले आणि फोन घेतला. पावणेदोन वर्षं जो नंबर न लावायचा मी हट्ट धरला, तो लावला. तुमचा होता तोवर लावला नाही. तुमचा नाही हे कळलं तेव्हा लावला.

एका वयस्क माणसानं उचलला. मागे दुकानातली गडबड ऐकू येत होती. मी म्हटलं, मी अर्पिताची आई. तर त्याला आनंद झाला! "अरे वा, बोला ताई. सुट्टी लागल्यापासून व्हिडिओ नाही, चुकल्यासारखं होतं बघा." नवीन नंबर घेतला तेव्हा शाळेचा मेसेज आला, म्हणाला, त्यात सांगितलं तसं केलं तर मुलीचं पान उघडलं. चूक झाली असेल असं वाटलं त्याला, पण मुलगी गोड, म्हणून बघत राहिला. गिऱ्हाईक नसलं की बघायचा. "आधी किती अडायची हो, आता बघा कशी वाचते! आणि तुमच्या सासूबाई मागून ओरडतात ना, ते ऐकून हसू येतं." आपलं निळं दार त्याला माहीत आहे. दारातला लिंब माहीत आहे. मग म्हणाला, "देवळामागच्या वाटेनं एकटीच येते ना ती शाळेतून? तिनंच सांगितलं होतं, 'माझा शाळेचा रस्ता' या व्हिडिओत. तिथं नाल्याला पाणी असतं, जपा."

मी म्हटलं, "दादा, तुम्ही तिचे वडील नाही. परत बघू नका." त्यानं समोरचं गिऱ्हाईक थांबवलं. मग म्हणाला, "बरं ताई. पण मी वाईट काही केलं नाही हो." मला ते खरं वाटलं. भीती वाटत होती, आणि त्याच वेळी त्याचे आभार मानावेसे वाटत होते. तापाचं त्यानं विचारलं होतं. माझ्या घरात काय चाललंय हे विचारणारा तो होता.

पण तो चांगला निघाला हे आपलं नशीब. तो तसा नसता तर? एक अनोळखी माणूस तुमच्या नावाखाली बसून तुमच्या पोरीची वाट, वेळ, दार, सगळं बघत होता. मला माहीत नव्हतं. मॅडमला माहीत नव्हतं. तुम्हाला जुलैपासून माहीत होतं. माझं पत्र उशाखाली ठेवून तुम्ही झोपलात. फुकटात मिळालेलं बापपण तुम्हाला सोडवलं नाही, म्हणून तुम्ही गप्प राहिलात. मांडवात ओरडलात त्याचा मला राग होता. आता त्या रागाचं काहीच वाटत नाही, हा राग एवढा मोठा आहे.

काल एसटीनं मेहकरला मॅडमच्या घरी गेले आणि पान बंद करून आले. दाबल्यावर तीनदा विचारलं, नक्की का, नक्की का. नक्की म्हटलं. जे आधीच बाहेर गेलं ते कुठं कुठं गेलं, हे मॅडमला सांगता येत नाही. त्या कोर्सवाल्या मुलीचा काल पुन्हा फोन येऊन गेला. देवळामागची वाट मात्र मी बंद केली. आता आबा गुडघा ओढत तिला आणायला जाणार आहेत.

अर्पिता रोज विचारते, सुट्टीतला व्हिडिओ बाबाले कधी दाखवायचा? मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ते काम तुमचं आहे. माझा नंबर जुनाच आहे, हरवलेला नाही. शाळा उघडायच्या आत फोन करा आणि तुमच्या तोंडानं तिला खरं सांगा. पुन्हा काही 'वाटू दे' म्हणालात, तर हे शेवटचं पत्र समजा.

छाया


११ नोव्हेंबर २०२५

अर्पिताच्या बाबांना,

फोनवर तुम्हाला जे दिसलं नाही ते लिहिते. बाकी आपल्या दोघांत बोलण्यासारखं अजून फारसं नाही.

तुमचा नवा नंबर बघून मी उचलला नव्हता, कोर्सवाल्यांचा वाटला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. तुमचा आवाज ओळखला आणि एक शब्द न बोलता फोन तिच्या हातात दिला. स्पीकर चालू केला आणि दाराशी उभी राहिले. खरं सांगायचं तर पहारा द्यायला. तुम्ही 'नीट बोल' म्हणालात की फोन हिसकून घ्यायचा, असं मनात धरलं होतं.

ती 'बाबा' शब्दावरच अडली. किती वेळ अडली ते तुम्ही ऐकलं. एका हातानं तिनं ओसरीचा खांब घट्ट धरला होता. इतकं अडलेलं मी तिला पोळ्यापासून पाहिलं नव्हतं. तुमच्याकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला, म्हणून डोकावून बघितलं. चालू होता.

मग तिनं ते विचारलं. "बाबा, तुम्ही ब-ब-बदाम काऊन बंद केले?"

तुम्ही म्हणालात, "मी कधी दिलेच नाही, बेटा. मी काहीच पाह्यलं नाही. तो नंबर दुसऱ्याच माणसाजवळ होता. मले माहीत झालं होतं, अन् मी सांगितलं नाही."

मला वाटलं आता रडेल. तुमच्या आई आतून बाहेर आल्या, त्याही थांबल्या. ती रडली नाही. तिनं खांब सोडला, फोन पाटावर ठेवला, दप्तरातून पुस्तक काढलं आणि म्हणाली, "मंग आता आयका." तुम्ही ऐकलंत ते वाचन काही चांगलं नव्हतं. बदामांच्या दिवसांत ती याहून कितीतरी बरं वाचायची. प्रत्येक ओळीत अडली. मधे एकदा तुमच्या आईंच्याच तोंडावर शब्द आला होता, मी डोळे वटारले तेव्हा त्यांनी गिळला.

लग्नातला तो शब्द आता परत घ्या, असं भाऊजी परवा फोनवर म्हणाले. तो शब्द मी फोनवर परत घेणार नाही. इथं येऊन, पाटावर समोर बसून तिचा पुढचा धडा ऐका. मग बघू.

तुम्ही फोन ठेवल्यावर तिनं पुस्तक दप्तरात घातलं आणि गोठ्याकडे गेली. काळजी वाटली म्हणून मी मागोमाग गेले. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि तिला सांगत होती, "बाबा म-मधात बोललेच नाही."

छाया